पाण्यानं गेलेला कापूस

मानवतच्या जिनिंगमध्ये अब्बा फिटर होते,
रुक्नुद्दीन नदाफ; हजेरीच्या वहीत नुसतंच 'रुकनू मिस्त्री'.
दादांच्या खांद्यावर पिंजण होतं,
तात वाजवत ते गावोगाव फिरले.
अब्बांच्या हातात पाना आला.
सुरी आणि रोलर यांच्यातलं अंतर ते कानानं ओळखायचे.
घट्ट बसली तर सरकी फुटते, म्हणायचे,
सैल राहिली तर अर्धी रुई सरकीबरोबरच जाते.

आग मी तिथंच पाहिली, सहावीत असताना.
म्हणजे पाहिली नाही.
गठाणीच्या पोटात ठिणगी शिरते
आणि पाच-सहा दिवस कुणाला काही कळत नाही.
वरून पांढरी, पट्ट्या आवळलेल्या, नंबर टाकलेला.
हात ठेवला तर ऊब लागते.
मग वास.
मग माणसं धावतात, पट्ट्या तोडतात,
आकड्यांनी कापूस ओढून काढतात,
जळल्या-न जळल्या सगळ्यावर पाइप सोडतात.
संध्याकाळी अब्बा घरी आले, चपला भिजलेल्या.
आगीनं दोन गठाणी गेल्या, म्हणाले. पाण्यानं अकरा.
पाणी मारणाऱ्यांना कुणी बोललं नाही.
काय बोलणार?

आता मी अंबाजोगाईला, पॅथॉलॉजीत टेक्निशियन.
देहदानातून आलेला मेंदू, मेणात बसवलेला.
मी त्याचे काप काढते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर तरंगवते, काचेवर अलगद उचलते,
तपकिरी रंग चढवते.
देवणीकर मॅडम सरकून जागा देतात: बघ, शमीम.
मायक्रोग्लिया.

आईच्या पोटात मेंदू अजून धड मेंदूही नसतो
तेव्हाच या पेशी आत येतात
आणि जन्मभर तिथंच राहतात.
निवांत असल्या की बाभळीच्या डहाळ्यांसारखे बारीक हात पसरून
शेजारपाजार चाचपत असतात,
कचरा उचलतात, नको झालेले सांधे खुडतात.
या काचेवर मात्र त्यांचे हात आखडलेत,
अंगं फुगलीत.
चिवट गाळाच्या ढिगाला गराडा घालून उभ्या आहेत,
खाताहेत, तो सरत नाही,
आणि एकमेकींना हाका मारता मारता
धडधाकट पेशींचे सांधेही कुरतडू लागल्यात.

म्हणजे दोषी याच? मी विचारलं.
मॅडमनी चष्मा पदरानं पुसला.
गराडा नसता तर ढीग आणखी पसरला असता गं.
फक्त थांबायचं कधी, हे त्यांना कुणी सांगत नाही.
चल, चहा घेऊ.

अब्बांना माझं नाव येतं, एखाद्या दिवशी.
पाना हातात दिला तर बोटं बरोबर बसतात,
त्याला पाना म्हणतात हे गेलं.
दुपारी खाटेवर बसून हवेतच काहीतरी आवळतात, सैल करतात,
कान एका बाजूला कलवून.

परवा रात्री उठले. नाक वर केलं.
जलरा है, म्हणाले, अंदर से जलरा.
मी गॅस पाहिला, बटणं पाहिली, मागचं दार उघडून पाहिलं.
तोवर त्यांनी मोरीतली बादली आणून
आपल्याच गादीवर ओतली होती
आणि दुसरी भरायला वळले होते.
मी हात धरला नाही.
का धरला नाही, ते अजून सांगता येत नाही.
तिसरी बादली हळूच काढून घेतली, म्हटलं,
बुझ गई, अब्बा.
त्यांनी गादीवर तळवा ठेवला, खोल दाबून, बराच वेळ,
दवाखान्यात कुणी पोट तपासावं तसा,
आणि मान हलवली.
नाही.

दादांनी पिंजलेल्या रुईची ती गादी.
गच्चीवर टाकली, वरून एका दिवसात वाळली.
चौथ्या दिवशी उसवून आत हात घातला
तर अजून ओली होती,
आणि कोमट.